रयत : कळपापासून लोकांपर्यंत

मी शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवतो. दोन भाषा एकाच फळ्यावर शिकवताना काही शब्द असे भेटतात, की ते दोन्हीकडे असतात, पण दोन्हीकडे त्यांचा मिजाज वेगळा असतो. 'रयत' हा त्यातला एक. मराठीच्या तासाला मुलांना 'रयत' म्हणजे काय असं विचारलं तर उत्तर येतं, 'गरीब शेतकरी, गावातले लोक'. उर्दूच्या तासाला 'रिआया' म्हणजे काय विचारलं तर उत्तर येतं, 'बादशाहाचा हुकूम मानणारे'. शब्द एकच. एका वर्गात त्याला मातीचा वास येतो, दुसऱ्या वर्गात दरबाराचा.

आपल्याकडे हा शब्द रोज कानावर पडतो. शिवजयंतीच्या भाषणात 'रयतेचा राजा' असतो, निवडणुकीत 'रयतेचं राज्य' असतं, सातारा-सांगलीच्या गावोगावी 'रयत'ची शाळा असते. इतका घरचा झालेला हा शब्द अरबी आहे हे अनेकांना माहीत नसतं. ज्यांना माहीत असतं त्यांतले काही तो परका म्हणून बाजूला ठेवू पाहतात, तर आपल्यातले काही 'बघा, हा आमचा' म्हणून मिरवतात. मला या दोन्ही गोष्टींत रस नाही. हा शब्द ज्यांच्यासाठी वापरला गेला त्यांना त्यातून काय मिळालं, आणि आज तो वापरताना आपण काय म्हणत असतो, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मूळ अर्थ : चरणारा कळप

अरबीत 'रआ' हे क्रियापद आहे. अर्थ, गुरं चारणे, राखणे, नजर ठेवणे. त्यावरून 'राई' म्हणजे मेंढपाळ, आणि 'रईय्या' म्हणजे त्याच्या राखणीतला कळप. पुढे राजा मेंढपाळ आणि प्रजा कळप अशी कल्पना रूढ झाली आणि 'रईय्यत' म्हणजे राज्यकर्त्याच्या ताब्यातले लोक असा अर्थ पक्का झाला. तिचं अनेकवचन 'रआया', उर्दूत 'रिआया'. याच मुळापासून 'रिआयत' हा शब्द निघतो. रिआयत म्हणजे सांभाळून घेणं, सूट देणं. आपण मराठीत तिथे 'सवलत' म्हणतो, तोही अरबीतूनच आलेला. म्हणजे ज्याला सांभाळायचं ती रयत, आणि सांभाळताना जी सूट द्यायची ती रिआयत. एकाच मुळाची ही दोन फळं.

माणसांना मेंढरं म्हणणं आज कुणालाही खटकेल, आणि खटकायलाच हवं. पण या प्रतिमेला दुसरी बाजूही आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत हजरत अब्दुल्लाह बिन उमर यांच्याकडून आलेली एक प्रसिद्ध हदीस आहे. तिचा आशय असा, की तुमच्यातला प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला आपल्या रयतेबद्दल जाब द्यावा लागणार आहे. राज्यकर्ता लोकांबद्दल, पुरुष कुटुंबाबद्दल, स्त्री घराबद्दल आणि नोकर मालकाच्या मालाबद्दल जबाबदार. लक्षात घ्या, इथे जाब कळपाला विचारलेला नाही, राखणदाराला विचारलेला आहे. सादीच्या 'गुलिस्तां'त (१२५८) पहिलाच बाब बादशाहांच्या वागणुकीवर आहे. त्यातही हाच विचार येतो, की मेंढरू मेंढपाळासाठी नसतं, मेंढपाळ मेंढरांच्या सेवेसाठी असतो.

म्हणजे शब्दाच्या पोटात सुरुवातीपासून दोन गोष्टी आहेत. एक, तुम्ही कुणाच्या तरी ताब्यात आहात. दोन, ज्याच्या ताब्यात आहात त्याला तुमचा हिशेब द्यावा लागेल. राज्यकर्त्यांनी बहुतेक वेळा पहिली गोष्ट लक्षात ठेवली आणि दुसरी विसरून गेले.

आणखी एक गंमत. खुद्द अरबीत शेतकऱ्याला रईय्यत म्हणत नाहीत, 'फल्लाह' म्हणतात. 'फलह' म्हणजे जमीन फोडणे, नांगरणे. फल्लाह म्हणजे जमीन फोडणारा. त्याच मुळाचा 'फलाह' शब्द, म्हणजे भलं होणं, यश, आपण दिवसातून पाच वेळा अजानमध्ये ऐकतो. म्हणजे अरबीनं शेतकऱ्याला त्याच्या कामावरून नाव दिलं. आपल्या दख्खनमध्ये मात्र त्याला नाव मिळालं ते त्याच्या मालकाच्या नात्यावरून.

दख्खनच्या दप्तरात

बहमनी, निजामशाही, आदिलशाही या सल्तनतींच्या काळात फारसी ही दरबाराची भाषा होती, पण गावाचा हिशेब कुलकर्ण्याच्या हातात होता आणि तो मराठीत लिहीत होता. आदिलशाहीतली अनेक कागदपत्रं फारसी-मराठी अशी दुभाषी आहेत. एका अंगाला फारसी मजकूर, दुसऱ्या अंगाला मोडीतली मराठी. शब्द मराठीत आले ते या वाटेनं, वसुलीच्या वाटेनं. तलवारीपेक्षा बोरूनं जास्त शब्द आणले. संत एकनाथांनी (१५३३–१५९९) 'अर्जदस्त' नावाचं भारूड लिहिलं ते याच कचेरीच्या भाषेत. ऐकणाऱ्या सामान्य माणसाला ती भाषा कळत होती म्हणूनच त्यांनी ती वापरली.

शेतीतलेच शब्द घ्या. जमीन फारसी. खरीप म्हणजे अरबीत शरद ऋतू, रबी म्हणजे वसंत. जिरायत अरबी 'जिराअत'वरून. बागायत फारसी 'बाग'वरून. हंगाम फारसी. तगाई अरबी 'तकावी'वरून, म्हणजे बळ देणं. आणि मला सगळ्यांत आवडणारा शब्द म्हणजे मशागत. तो अरबी 'मशक्कत'वरून आला. उर्दूत मशक्कत म्हणजे कष्ट, हाल. मराठी शेतकऱ्यानं त्या कष्टातून फक्त जमिनीचं काम घेतलं आणि मशागत शब्द बनवला. हे भाषांतर कुठल्या पंडितानं केलेलं नाही. ते नांगर धरणाऱ्या हातांनी केलं आहे.

'गरीब' शब्दाचंही असंच आहे. अरबीत गरीब म्हणजे परका, घरापासून दूर आलेला. उर्दूत 'गुर्बत'चे दोन्ही अर्थ शिल्लक आहेत, परदेश आणि दारिद्र्य. मराठीत फक्त दारिद्र्य उरलं. तेव्हा 'गरीब रयत' या दोन साध्या शब्दांचा मुळातला अर्थ जोडला तर तो 'परका झालेला कळप' असा निघतो. शब्दकोशातला हा योगायोग आहे, पण आपल्याच जमिनीवर परका झालेला शेतकरी ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो फार लांबचा वाटणार नाही.

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर (मृत्यू १६२६) याचं नाव या इतिहासात आदरानं घ्यावं लागतं. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनचा कारभारी झाला. मोगलांशी त्यानं दिलेली झुंज सर्वांना माहीत असते. पण त्याची दुसरी ओळख जमीन महसुलाची आहे. ठेकेदाराला गावं इजाऱ्यानं देऊन मनमानी वसुली करू देण्याची पद्धत त्यानं मोडली, जमिनीची प्रत आणि पीक पाहून सारा ठरवला आणि गावच्या पाटलामार्फत वसुली ठेवली. पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनी दख्खनच्या महसुलाचा अभ्यास केला तेव्हा त्यांनाही मलिक अंबरच्या धाऱ्याची दखल घ्यावी लागली.

शिवछत्रपतींचं एक पत्र मे १६७३ मधलं आहे, चिपळूणजवळच्या छावणीतल्या लष्करी अधिकाऱ्यांना लिहिलेलं. पावसाळ्यासाठी जमवलेला दाणागोटा आणि वैरण आताच संपवलीत तर पुढे तुमचे लोक कुणब्यांच्या घरात शिरतील, कुणी धान्य उचलेल, कुणी भाकरी, कुणी गवत, कुणी भाजी. मग जे कुणबी कसेबसे घर धरून राहिले आहेत तेही निघून जातील आणि त्यांना तुम्ही मोगलांपेक्षा वाईट वाटाल, असा त्या पत्राचा आशय आहे. या एका पत्रात 'कुणबी' आणि 'रयत' हे दोन्ही शब्द येतात. राखणदारालाच जाब विचारणारं पत्र म्हणून मी ते वर्गात आवर्जून सांगतो. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तही रयत येते. आरमारासाठी लाकूड तोडताना आंबा-फणसाला हात लावू नका, ही झाडं रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्यातला सल्ला आहे.

राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राजव्यवहारकोश' शिवकाळातच तयार झाला. पुढे विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. पण रयत हलली नाही. 'प्रजा' हा पर्याय होताच, तरी लोकांनी रयत सोडली नाही. शब्द कुठून आला हे लोक पाहत नाहीत. तो आपल्यासाठी काय करतो ते पाहतात.

रयत म्हणजे नक्की कोण?

इथे थोडं थांबायला हवं, कारण 'रयत म्हणजे सगळे गरीब' हे इतिहासाला धरून नाही. महसुलाच्या भाषेत रयत म्हणजे सारा भरणारा. त्यातही दर्जे होते. वंशपरंपरेनं जमीन कसणारा तो मिरासदार. 'मिरास' म्हणजे अरबीत वारसा. दुसऱ्या गावाहून येऊन करारानं कसणारा तो उपरी. मिरासदाराला गावात मान होता, उपऱ्याला नव्हता. आणि ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, जे दुसऱ्याच्या बांधावर राबत होते, ते या हिशेबात धड रयतही नव्हते. बायकांचं तर नावच नाही. खुरपणी, लावणी, काढणी त्यांनी केली आणि दप्तरात रयत म्हणून नवऱ्याचं नाव लागलं.

आणि मुसलमान? आपल्याकडे असा समज करून दिला जातो, की त्या काळात मुसलमान म्हणजे राज्य करणारे आणि हिंदू म्हणजे रयत. दप्तर तसं सांगत नाही. किल्लेदार, काजी, इनामदार मुसलमान होते हे खरं. पण गावातला मुलाणी हा बलुतेदारांत मोजला जात होता. बागवान बाग कसत होता, पिंजारी कापूस पिंजत होता आणि शेख-पठाण आडनावाचे कितीतरी लोक कोरडवाहू रानात ज्वारी-बाजरी पेरत होते. सुलतान मुसलमान होता म्हणून त्यांचा सारा माफ होत नव्हता. कोकणात हे आणखी ठळक दिसतं. तिथे खोतीच्या पद्धतीत मुसलमान खोतही होते आणि मुसलमान कुळंही होती. कुळाला खोताचा धर्म कामाला येत नव्हता. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं आणि १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत नेला. तो लढा खोताविरुद्ध कुळाचा होता. खोत कोणत्या जातीचा किंवा धर्माचा हा त्यातला मुद्दा नव्हता.

माझे आजोबा अशाच कोरडवाहू जमिनीवर राबले. सातबाऱ्यावर 'जिरायत' लिहिलेलं होतं, आणि पाऊस आला नाही की ते शेजारच्या रानातल्या माणसासारखेच आभाळाकडे बघत बसायचे. त्या शेजाऱ्याचा देव वेगळा होता, सावकार मात्र एकच होता.

रयतवारी : नाव रयतेचं

१८१८ साली पेशवाई गेली आणि इंग्रजांचा अंमल आला. बंगालमध्ये त्यांनी १७९३ लाच कायमधारा बसवून जमीनदारांना मालक केलं होतं. मद्रासकडे टॉमस मन्रो यानं वेगळी पद्धत रुजवली. मध्ये जमीनदार नको, सरकारनं सरळ प्रत्येक रयतेशी करार करावा. हीच रयतवारी. मुंबई इलाख्यात तीच आली. प्रिंगल यानं केलेली पहिली आकारणी इतकी जड होती, की शेतकरी जमिनी टाकून गेले. मग १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून नवी मोजणी सुरू केली आणि तीस वर्षांसाठी सारा ठरवला.

कागदावर पाहिलं तर हा रयतेचा मोठा सन्मान होता. पहिल्यांदाच तिच्या नावानं पद्धत ओळखली जाऊ लागली. पण आतून काय झालं? पूर्वी सारा ही बऱ्याच अंशी गावानं मिळून उचलायची जबाबदारी होती. वाईट वर्षी पाटील मध्ये पडत होता, सूट मागत होता. आता प्रत्येक जण सरकारपुढे एकटा उभा राहिला. सारा रोख आणि वेळेवर. जमीन विकता येऊ लागली, म्हणजे गहाणही पडू लागली. सावकाराच्या हातात रोखा आणि पाठीशी दिवाणी कोर्ट. सही करणाऱ्याला वाचता येत नव्हतं, तो अंगठा उठवत होता.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१–१८६५) कापसाचे भाव चढले, कर्ज सहज मिळू लागलं. युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज राहिलं. त्यातच तीस वर्षांची मुदत संपली म्हणून सारा वाढवला गेला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे लोकांचा राग मुख्यतः कागदांवर होता. रोखे, खतं, हुकूमनामे हुडकून त्यांची होळी केली गेली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना आपलं मरण कुठे लिहिलेलं आहे हे नेमकं कळलं होतं. यानंतर सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला.

त्याच सुमारास महात्मा फुले लिहीत होते. १८६९ च्या पोवाड्यात त्यांनी शिवाजी महाराजांना 'कुळवाडीभूषण' म्हटलं आणि १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' पूर्ण केला. त्यांनी निवडलेले शब्द पाहा, कुळवाडी आणि शेतकरी. हे शब्द कामावरून आलेले आहेत. सारा कुणाला भरतो यावरून माणसाची ओळख सांगण्यापेक्षा तो काय करतो यावरून सांगणं, हा फार मोठा फरक आहे. अरबीतला फल्लाह इथे मराठीत शेतकरी होऊन उभा राहिला, असं मला वाटतं.

बंगालची रयत

बंगालमध्ये याच शब्दाला वेगळं नशीब मिळालं. तिथला रायत जमीनदाराखाली होता आणि पूर्व बंगालात तो बहुतांशी मुसलमान होता. हाजी शरीअतुल्लाह (१७८१–१८४०) यांनी सुरू केलेली फराइजी चळवळ धर्मसुधारणेची होती. त्यांचे चिरंजीव दुदू मियां यांनी तिला जमिनीशी जोडलं. जमीन अल्लाहची आहे, तेव्हा तिच्यावर बेकायदा कर लादण्याचा कुणाला हक्क नाही, असं ते सांगत. १८५९–६० मध्ये निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध बंगालचे हिंदू आणि मुसलमान रायत एकत्र उठले. दीनबंधू मित्र यांच्या 'नीलदर्पण' नाटकाचं इंग्रजी भाषांतर छापल्याबद्दल पाद्री जेम्स लाँग यांना १८६१ साली एक महिन्याची कैद आणि हजार रुपये दंड झाला. पुढे ए. के. फजलुल हक यांनी पक्ष काढला त्याचं नाव कृषक प्रजा पक्ष. बंगालीत 'प्रजा' म्हणजे जमीनदाराचं कूळ.

इथे एक गोष्ट ध्यानात येते. संस्कृतमध्ये प्रजा म्हणजे अपत्य, म्हणजे राजा बाप. अरबीत रईय्यत म्हणजे कळप, म्हणजे राजा मेंढपाळ. दोन्ही संस्कृतींनी राबणाऱ्या माणसाला अजाण ठरवलं. तेव्हा 'आमचा शब्द चांगला, तुमचा वाईट' या वादात फारसा अर्थ नाही.

शब्द जगभर काय झाला

उस्मानी तुर्कांच्या राज्यात समाजाचे दोन भाग मानले जात. कर न भरणारा तो 'अस्करी' वर्ग, कर भरणारी ती 'रआया'. सुरुवातीला रआयात मुसलमान आणि ख्रिस्ती दोघंही होते. पुढे पुढे तो शब्द ख्रिस्ती प्रजेपुरता उरला आणि त्याला हिणवण्याचा वास आला. त्याच साम्राज्यातल्या साराजेवो शहरात मात्र 'राया' हा शब्द आज आपली माणसं, दोस्तमंडळी अशा प्रेमाच्या अर्थानं बोलला जातो. इराणात रईयत म्हणजे जमीनदाराच्या शेतावरचा शेतकरी. तिथली अरबाब-रईयत व्यवस्था १९६२ नंतरच्या जमीन सुधारणांनी मोडत गेली.

आपल्या शेजारी पाहा. तेलुगूत शेतकऱ्याला 'रैतु' म्हणतात, कन्नडमध्ये 'रैत'. १९८० साली स्थापन झालेल्या कर्नाटकातल्या शेतकरी संघटनेचं नाव कर्नाटक राज्य रैत संघ. तिथे रैत म्हणजे प्रजा नाही, सरळ शेतकरी. आणि पार पूर्वेला मलय भाषेत 'राक्यात' म्हणजे जनता. मलेशियाच्या लोकसभेचं नाव 'देवान राक्यात'. इंडोनेशियात 'देवान पेर्वाकिलान राक्यात'. देवान म्हणजे आपला दिवाण, पेर्वाकिलानच्या आत आपला वकील, आणि राक्यात म्हणजे आपली रयत. तिन्ही शब्द आपल्या जुन्या दप्तरातले. इंडोनेशियाच्या १९४५ च्या राज्यघटनेनं सार्वभौमत्व राक्यातच्या हाती आहे असं म्हटलं. त्या सार्वभौमत्वासाठी त्यांचा शब्द 'केदौलातान', म्हणजे दौलत. रयतेचीच दौलत! कळपासाठी असलेला शब्द एका देशात राज्याच्या मालकाचं नाव झाला.

रयतेनं शब्द हातात घेतला

मराठीतही असं एकदा झालं. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, तिथे सर्व जातीधर्मांची मुलं एका पंगतीत जेवत होती. स्वावलंबन हे ब्रीद आणि 'कमवा आणि शिका' ही रीत. त्यांनी संस्थेला एखाद्या राजाचं किंवा देवाचं नाव दिलं नाही, रयतेचं दिलं. शिक्षक म्हणून मला यातलं मोठेपण वाटतं ते असं. सुप्याच्या लोकांनी १८७५ मध्ये न वाचता येणारे कागद जाळले, आणि पंचेचाळीस वर्षांच्या आत त्यांच्याच मुलखाशेजारी एक माणूस म्हणाला, की ते कागद वाचायला शिकू या. रयत हा शब्द तिथे पहिल्यांदा साऱ्याच्या वहीतून निघून शाळेच्या हजेरीपटावर आला.

तरीही मराठीच्या व्याकरणात एक अडचण शिल्लक आहे. तेलुगू शेतकरी 'मी रैतु आहे' असं म्हणू शकतो. आजच्या मराठीत 'मी रयत आहे' असं कुणी म्हणत नाही. रयत स्त्रीलिंगी, समूहवाचक. ती सुखी असते, त्रासलेली असते, तिला दिलासा मिळतो. तिच्याविषयी नेहमी दुसरा कुणी तरी बोलत असतो. 'मी शेतकरी' म्हणता येतं, 'मी कूळ' म्हणता येतं. १९४८ च्या कुळकायद्यानं आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानं 'मी मालक' असंही अनेकांना म्हणता आलं. २६ जानेवारी १९५० पासून तर 'मी नागरिक' हा शब्द सगळ्यांना मिळाला, जमीन असो वा नसो, पुरुष असो वा स्त्री, हिंदू असो वा मुसलमान. रयतेला राजा दयाळू मिळावा लागतो. नागरिकाला हक्क असतो.

म्हणून व्यासपीठावरून कुणी आपल्याला 'रयत' म्हणतं तेव्हा मी कान टवकारतो. राज्य रयतेचं आहे असं सांगणाऱ्याला हदीसमधला साधा प्रश्न विचारायला हवा. तुमच्या राखणीत जे होते त्यांचं काय केलंत? पेरणीच्या वेळी बियाणं मिळालं का? पीकविम्याचे पैसे आले का? कर्जापायी ज्यानं गळफास घेतला त्याच्या घरी कोण गेलं? आणि त्या रयतेत गावातला मुलाणी, पारधी, मजुरीला जाणारी विधवा धरली होती का, की फक्त आपापली माणसं धरली होती?

आपल्या समाजातल्या मित्रांनाही माझं सांगणं आहे. हा शब्द आपल्याकडून आला याचा अभिमान बाळगण्यात काही कमावणं नाही. अरबीतून आलेला शब्द मराठी शेतकऱ्यानं कष्टानं आपला केला, आणि त्या शेतकऱ्यांत आपले पूर्वजही होते, हे मात्र मुलांना सांगायला हवं. 'तुम्ही राज्य करणाऱ्यांचे वारस' असं कुणी टोमणा मारून म्हटलं, किंवा आपल्यातल्याच कुणी छाती फुगवून म्हटलं, तर दोघांनाही घरातला जुना सातबारा दाखवा. बहुतेकांच्या कागदावर सल्तनत सापडणार नाही. एकर-गुंठे, जिरायत, पोटखराबा आणि सोसायटीचा बोजा सापडेल.